डॉक्टरांना विचारलं, असं सांगितलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, वसतिगृहात ज्याच्याबरोबर चार वर्षं एका खोलीत काढली त्या मित्रालाही नाही. सांगायची वेळ आली नाही असं मात्र नाही — आली, पुष्कळदा आली. प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो.

तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखत असतात तर माझ्याबद्दल चांगलंच ऐकलं असतंत. हार घातलेले फोटो आहेत, शाली आहेत — कपाटाचा एक कप्पा नुसता शालींचा. सून मधूनमधून त्या उन्हात टाकते आणि शेजारणीला सांगते, आमच्या मामंजींनी सगळं आयुष्य महारोग्यांत काढलं. मी आत खुर्चीवर बसून ते ऐकतो. माझ्या तोंडाला कडवट पाणी सुटतं.

पश्चात्ताप हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. त्यात थोडा मोठेपणा येतो. मला किळस येते. माझीच. कुणाचं तरी उष्टं ताट हाताला लागावं, तशी.

काय केलं होतं मी एवढं? खून नाही, चोरी नाही. एक वाक्य बोललो. तेच वाक्य पुन्हा एकदा बोललो. आणि मग — पण तिथवर मला सावकाश जाऊ द्या. एकदम जायला मला अजून जमत नाही.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णाकाठी. ऊस, गुऱ्हाळ, आणि घरटी एक माणूस पलटणीत. माझे वडील सुभेदार होऊन परत आले होते. थोरला भाऊ लढाईवर होता. मीही भरती व्हावं असं वडिलांना वाटायचं. मला रक्त बघवत नसे. त्याच दिवसांत आमच्या भागातली पोरं भूमिगत झाली होती. माझ्याच वर्गातला एक जण शाळा सोडून डोंगरात गेला होता. मी काय केलं? खादीचा सदरा शिवून घेतला आणि सांगलीला कॉलेजात नाव घातलं. सदऱ्यामुळं लोकांना वाटायचं, हाही काहीतरी करतोय. मलाही तसंच वाटायचं.

आता समाजकार्याची पदवी मिळते, त्याची वेगळी कॉलेजं आहेत. तेव्हा आमच्याकडं तसलं काही नव्हतं. बी.ए.ला समाजशास्त्र घेतलेल्या आम्हा अकरा जणांसाठी कानिटकर सर समाजसेवेचा एक वर्ग चालवायचे. सर मुंबईला हा विषय शिकून आले होते. उंच, वाकलेले, घसा कायम बसलेला. प्रत्येक विद्यार्थ्याला ते एक कुटुंब नेमून देत. वर्षभर, दर आठवड्याला त्या घरी जायचं. त्यांची अडचण काय, ती सोडवायला आपण काय केलं, हे एका वहीत लिहायचं. तिला आम्ही कुटुंब-वही म्हणायचो. वर्षाच्या शेवटी त्या वहीवरच आमची पारख व्हायची.

मला म्हाकूबाई मिळाली.

सांगली-मिरज रस्त्यावर, रेल्वेच्या रुळांपलीकडं, चार-पाच खोपटी होती. त्यातलं शेवटचं, इतरांपासून जरा लांब, म्हाकूबाईचं. मूळची माणदेशातली, धनगराची. नवरा मेंढरं घेऊन फिरायचा. हिच्या अंगावर रक्तपिती दिसायला लागली तसा एका वर्षी पावसाळा सरल्यावर तो कळप घेऊन खाली कोकणात गेला, तो परत हिच्याकडं आलाच नाही. मिरजेला औषध मिळतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून ही लेकीला घेऊन चालत आली आणि इथंच राहिली. लोकर कातून द्यायची. बोटं वाकडी होती, पण चातीवर अजून चालायची.

महारोग्यांचा दवाखाना दर गुरुवारी भरायचा. कडुकवठीच्या तेलाची सुई टोचायचे. ती फार दुखे, म्हणून रोगी मधेच यायचे बंद होत. माझं काम एवढंच — म्हाकूबाईला दर गुरुवारी घेऊन जायचं, सुई घेईपर्यंत थांबायचं, आणून सोडायचं.

पहिल्या दिवशी मी दारात उभा राहिलो तेव्हा ती लगबगीनं मागं सरली. एक घडी केलेलं घोंगडं दाराजवळ टाकलं होतं, त्याच्याकडं बोट करून म्हणाली, "बसा मास्तर. त्येच्यावर मी बसत न्हाई. सुंद्रीनं नदीला नेऊन धुतलंय."

तिला माहीत होतं. माझ्या मनात काय आहे ते मी तोंड उघडायच्या आधी तिला माहीत होतं, आणि तिनं त्याची सोय करून ठेवली होती. मी बसलो. पण घोंगड्याची कड तेवढी अंगाखाली घेतली.

तिच्या पायाला जखम होती. वर चिंधी बांधलेली. तो वास — आज इतकी वर्षं मी त्या रोग्यांत राहिलो, असले वास नाकाला कळेनासे झाले, पण तो एक वास अजून येतो. नाक मधे बसलेलं. भुवया गेलेल्या. बोलताना ती सारखी पदर तोंडापुढं धरायची, माझ्यासाठी. मी तिच्या कपाळाकडं बघून बोलायचो.

गुरुवारसाठी मी एक सदरा आणि एक धोतर वेगळं ठेवलं होतं. ते खोलीत आणत नसे, वसतिगृहाच्या मागच्या तारेवरच असायचं. परत आलो की जांभळ्या औषधाच्या पाण्यात हात बुडवून बसायचो. नखं तपकिरी झाली होती. खोलीतला मित्र म्हणायचा, "गड्या, एवढी भीती हाय तर जातोस कशाला?" मी म्हणायचो, "भीती नव्हे रं, शिस्त."

दवाखाना दीड मैल होता. मी पुढं चालायचो. दहा पावलं पुढं — कधी पंधरा. ती मागून लंगडत यायची. लोकांना वाटू नये की आम्ही बरोबर आहोत. रुळांपाशी खडी होती, तिथं तिला फार जड जायचं. मी पलीकडं जाऊन उभा राहायचो आणि दुसरीकडं बघायचो.

आणि वहीत लिहायचो — "आज म्हाकूमावशीला हाताला धरून रूळ ओलांडून दिले. तिचा हात कापत होता. मी तो घट्ट धरला."

मावशी. तोंडानं मी तिला एकदाही मावशी म्हटलं नाही. वहीत मात्र प्रत्येक पानावर मावशी. तिच्या हातची भाकरी खाल्ली, असं लिहिलं. तिची चिंधी बदलली, असं लिहिलं. हे लिहिताना मला बरं वाटायचं, हेही सांगतो. डोळ्यांत पाणी यायचं. आपण किती चांगले आहोत, म्हणून.

सर वही वाचायचे आणि वर्गात काही भाग मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यांचा तो बसलेला घसा आणखी बसायचा. ते म्हणाले होते, "अकरा जणांत एकालाच कळलंय की शिवल्याशिवाय सेवा होत नाही." बाकीचे दहा जण माझ्याकडं बघत होते. मी खाली बघितलं. त्यांना ती नम्रता वाटली.

तुम्हाला वाटेल, संपलं — खोटी वही लिहिली, हाच गुन्हा. तसं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. खोट्या वह्या पुष्कळांनी लिहिल्या असतील. मी अजून सुंद्राचं काही सांगितलेलं नाही. तिचं नाव आलं, पण मी तिथून सटकलो, बघितलंत ना?

सुंद्रा म्हाकूबाईची लेक. पंधरा-सोळा वर्षांची. सावळी, उंच, हाडापेरानं मजबूत. आईची लोकर ती पिंजून द्यायची, नदीवरून पाणी आणायची, वर लोकांच्या मळ्यात भांगलायला जायची. माझ्याशी फारसं बोलत नसे. मी आलो की घोंगडं टाकायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची. तिची आत्या आटपाडीकडं दिली होती; त्या आत्यानं आपल्या मुलासाठी सुंद्राला मागितलं होतं. म्हाकूबाई त्या एका गोष्टीवर जगत होती. सुई टोचताना ती दात खाऊन म्हणायची, "एकदा का पोरगी वाटंला लागली, मग ह्ये अंग सडू दे न्हाईतर झडू दे."

संक्रांत होऊन गेली होती. त्या दिवशी आम्ही निघायच्या आधी म्हाकूबाईनं सुंद्राला हाक मारली आणि तिचा उजवा हात उलटा करून मला लांबून दाखवला. करंगळीच्या खाली, मनगटाकडं जाणारा एक फिकट डाग होता. लिंबाएवढा. कडा जराशा तांबूस.

"मास्तर, ह्ये काय असंल वो?"

मी म्हटलं, "कधीपासून आहे?"

"दिवाळीपास्नं. माजं बी आदी असंच सुरू झालं व्हतं." ती थांबली. "पर तसं नसंल. पोरींना जंतानं बी डाग पडत्यात. व्हय ना?"

मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवायला हवं. ती म्हणाली, तिथं कसं न्यायचं? महारोग्यांच्या रांगेत पोरीला उभी केली आणि आटपाडीच्या कुणी बघितलं तर? आत्याची माणसं सोमवारीच यायची होती, साखरपुड्याचं बोलायला. तिला स्वतःला डॉक्टरांपाशी जाता यायचं नाही. सुई कंपाउंडर द्यायचा, डॉक्टर आतल्या खोलीत बसायचे, मद्रासकडचे होते, मराठी त्यांना थोडंच यायचं. "तुमी विंग्रजीत बोलता त्येंच्यासंगं. तुमी गुपचूप इचारा. डाग असा असा हाय, काय करायचं? त्ये बोलवत असतील तर मी न्हेते पोरीला, कवाबी, अंधारात म्हनाल तर अंधारात. सोयरिक मोडली तर मोडली. पर मला खरं काय त्ये कळू दे."

हे तिचं शेवटचं वाक्य नीट वाचा. सोयरिक मोडली तर मोडली, म्हणाली. मला खरं कळू दे, म्हणाली.

मी म्हटलं, विचारतो.

ती पायाला चिंधी बांधायला बसली. सुंद्रा चुलीपाशी गेली. तव्यावर भाकरी होती. ती उलटताना तिचा उजवा हात तव्याच्या कडेला टेकला — करंगळीखालची बाजू, तो डाग जिथं होता तिथं. टेकला आणि तसाच राहिला. आईशी ती काहीतरी बोलत होती, पाण्याच्या घागरीबद्दल. कातडं पांढरं पडलं. वास आला. तिनं हात काढला नाही. भाकरी पुरती उलटली आणि मगच काढला, पदराला पुसला, आणि बोलणं चालूच ठेवलं.

तिला कळलंच नव्हतं.

म्हाकूबाईची पाठ होती. बघणारा मी एकटा. आणि मला माहीत होतं. डिसेंबरात दवाखान्यातल्या त्याच डॉक्टरांनी आम्हा अकरा जणांना व्याख्यान दिलं होतं. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात, खाली रेघ ओढून लिहिलेलं होतं — डागावर स्पर्श, ऊन-गार कळत नाही, हीच पहिली खूण. लवकर औषध सुरू केलं तर हातपाय वाचतात. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचे हात.

तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? तिच्याबद्दल काहीच नाही. पहिलं मनात आलं ते हे, की ही भाकरी आता मला खायला देतील का?

आम्ही निघालो. मी पुढं, ती मागं. त्या दीड मैलात मी काय काय विचार केला ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. डॉक्टर म्हणणार, घेऊन या. तपासणार. मग तिचीही सुई सुरू होणार. वर्ष, दोन वर्षं. दर गुरुवारी माझ्या मागून एकीच्या जागी दोघी चालणार. वही आता संपत आली होती, आणि ती फार छान संपत होती — आईचं औषध नीट चालू, मुलीचं लग्न ठरलेलं, कुटुंब मार्गी लागलेलं. सरांनी ती मुंबईला पाठवायची म्हटली होती. आणि तो तव्याचा वास नाकात. मला त्या घरातून सुटायचं होतं. बस, एवढंच. मला सुटायचं होतं.

दवाखान्यात म्हाकूबाई रांगेत बसली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि आतल्या खोलीकडं मान हलवली. मी आत गेलो. दार उघडं होतं, डॉक्टर काहीतरी लिहीत होते. त्यांनी वर बघितलं. भला माणूस होता. पेन खाली ठेवून म्हणाले, "बोला."

खिशात माझा हजेरीचा कागद होता. त्यावर दर महिन्याला त्यांची सही लागायची. मी तो पुढं केला. त्यांनी सही केली, माझ्या अभ्यासाची चौकशी केली, म्हणाले, आणखी काही? मी म्हटलं, नाही.

मी बाहेर आलो. बाहेरून तिला आम्ही बोलत असलेले दिसलो होतो. ती उठून भिंतीला टेकून उभी होती. सुई झाली होती आणि दंड तिनं दुसऱ्या हातानं दाबून धरला होता.

मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारलं. जंतांचे डाग आहेत. काळजी करू नका."

तिनं पदर तोंडावरून काढला. पहिल्यांदाच काढला माझ्यासमोर. हसत होती. त्या तोंडावर ते हसू कसं दिसत होतं ते मी सांगणार नाही. मी तोंड फिरवलं, एवढं सांगतो.

"वावडिंग देऊ का मग तिला?" तिनं विचारलं.

"द्या," मी म्हटलं.

हे ते वाक्य. पहिल्यांदा बोललो ते. म्हणाल, घाबरून बोललास, पोरवयात बोललास, नंतर सुधारायचंस. चार दिवस होते मला सुधारायला. चार दिवस मी लायब्ररीत बसून टिपणं काढली.

सोमवारी म्हाकूबाईनं निरोप धाडला, मास्तरांनी यायलाच पाहिजे. मी गेलो. खोपटापुढं सारवलं होतं. सुंद्राची आत्या आली होती, तिचा नवरा धुळाबा आला होता, दोघं-तिघं भावकीतले. धुळाबा पन्नाशीचा, कोरड्या मुलखातला माणूस, तांबडं मुंडासं, काठी मांडीवर आडवी. मला त्यानं आपल्या शेजारी बसवून घेतलं. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग तो सरळ माझ्याकडं वळला.

"मास्तर, आमी अडानी मानसं. आयेचं आमास्नी ठावं हाय, त्ये आमी झाकत न्हाई. पोरगी आमच्या रक्ताची हाय, म्हणून आमी आलो. पर पोरीच्या हातावर कायतरी हाय, असं ही बाई सोताच म्हनली. लपवलं न्हाई तिनं. ती म्हनती, मास्तरांनी डाक्टरला इचारलंय. खरं हाय का?"

म्हाकूबाई दाराआड होती. सुंद्रा आत. तिचा हात पदरात होता.

"घरात लेकरंबाळं हायत," धुळाबा म्हणाला. "तुमच्या भनीचं असतं तर काय सांगितलं असतं, त्येच सांगा. न्हाई म्हना, आमी उठून जातो, राग न्हाई. पोरीला आदी औषध करू, मग बगू. ती कुटं जात न्हाई आन आमी बी कुटं जात न्हाई."

त्यानं दार सताड उघडून ठेवलं होतं. आदी औषध करू, म्हणाला. लग्नही मोडत नव्हता. एक शब्द पुरला असता — दाखवून घ्या. एवढंच. मला कुणी मारणार नव्हतं, वर्गातून काढणार नव्हतं. फार तर म्हाकूबाई म्हणाली असती, मग त्या दिवशी असं का सांगितलं?

मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारलंय मी. काही नाही."

धुळाबानं मान हलवली. "झालं तर मग," म्हणाला, आणि आतल्या बाजूला हाक मारली, "आन गं कुकू."

लग्न फाल्गुनात झालं. मी गेलो नाही, परीक्षेचं कारण सांगितलं. वहीचं शेवटचं पान मी लग्नाला जाऊन आल्यासारखं लिहिलं. सुंद्राच्या हातावरच्या डागाचंही लिहिलं होतं — डॉक्टरांचा सल्ला घेतला, शंका फिटली. ते वाचून सरांनी मला खोलीत बोलावलं. "हे फार बरं केलंस," म्हणाले. "रोग्याच्या मुलांना तपासायचं लोक विसरतात. डॉक्टरांची चिठ्ठी आहे का? जोडून टाक."

मी म्हटलं, "तोंडीच बोलणं झालं, सर."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "तू विचारलंस म्हणजे विचारलंसच." आणि वहीवर सही केली.

मी वर्गात पहिला आलो. वही मुंबईला गेली. तिच्या जोरावर मला साताऱ्यात एका संस्थेत काम मिळालं, महारोग्यांच्या आश्रमांची देखरेख करायचं. परीक्षेनंतर म्हाकूबाईकडं मी एकदाही गेलो नाही. मिरजेवरून गाडीनं जायचो तेव्हा रुळांच्या त्या बाजूच्या खिडकीत बसत नसे.

तीन वर्षं गेली. देश स्वतंत्र झाला होता. साताऱ्याच्या उत्तरेला एका माळावर नवा आश्रम निघाला होता, तो बघायला आम्ही चौघे गेलो. मी सगळ्यांत तरुण, पण बोलायचं काम माझं. बायकांच्या खोल्यांच्या रांगेत दुसऱ्या की तिसऱ्या दारात एक बाई उठून उभी राहिली.

मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं.

"मास्तर न्हवं का तुमी? मी सुंद्रा. म्हाकूबाईची."

अठरा-एकोणीस वर्षांची असेल. भुवया गेल्या होत्या. उजवा हात पंज्यासारखा वळलेला, दोन बोटं पेराशी संपलेली. डाव्याचीही सुरुवात झालेली. पहिल्या बाळंतपणानंतर एकदम वाढलं, असं तिनं सांगितलं. मुलगा झाला होता. तो आत्याकडं. "त्येनी वाईट वागवलं न्हाई," म्हणाली. "मामानं गाडीत घालून सोता आनून सोडलं हितं. पर पोराला काय माज्याजवळ देनार? मीच न्हाई म्हनलं." धुळाबाला ती मामा म्हणत होती. म्हाकूबाई दोन वर्षांपूर्वीच गेली होती, त्या खोपटातच.

मग ती बाजूच्या बायकांकडं वळली आणि म्हणाली, "ह्येच त्ये मास्तर. आयेला लय आधार व्हता ह्येंचा. दर गुरवारी न्ह्यायचे. कुनी दारात यायचं न्हाई तवा ह्ये यायचे."

माझ्याबरोबरच्या तिघांनी माझ्याकडं आदरानं बघितलं. एकजण वहीत काहीतरी टिपून घ्यायला लागला.

सुंद्रा म्हणाली, "एक इचारू का, मास्तर?"

"विचार."

"तवा त्या डाक्टरला कसं कळलं न्हाई वो? तुमी तर समदं सांगितलं असनार. त्यो येवढा शिकल्याला." तिच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच विचारत होती. "मी लय येळा इच्यार करती. त्येनं एकदा बोलवून बगितलं असतं तर. हातच ऱ्हायलं असतं, आसं हितले डाक्टर म्हनत्यात. त्येनं का बोलवलं नसंल?"

हाच तो तिसरा प्रसंग. तिथवर जायला मला एवढी पानं लागली. पहिल्या दोन वेळी मी पोर होतो, घाबरलो होतो, किळस येत होती, सुटायचं होतं — काय म्हणायचं ते म्हणा. आता मी घाबरलेलो नव्हतो. मला किळस येत नव्हती; तिचा तो हात मी सहज हातात घेतला असता, तीन वर्षांत असे शेकडो घेतले होते. तिला खरं सांगितलं असतं तर तिचे हात परत आले नसते, हे खरं. पण तिनं विचारलं होतं. तिच्या आईनंही तेच मागितलं होतं.

मी म्हटलं, "त्या काळी डॉक्टरांनाही एवढं कळत नसे, सुंद्रा."

तिनं तो वळलेला हात पदरात घेतला. मग म्हणाली, "व्हय. तसंच असंल."

त्या मद्रासकडच्या माणसाला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो पेन खाली ठेवून मला विचारत होता, आणखी काही? त्याच्यावर मी हे ढकललं, आणि एका बाईनं ते मरेपर्यंत खरं मानलं.

आम्ही पुढच्या खोलीकडं गेलो. परत येताना गाडीत एकजण म्हणाला, तुमचं काम पाहून धन्य वाटलं. मी त्याला म्हटलं, कसलं काम, माझं कर्तव्यच होतं ते.

सुंद्रा त्यानंतर अकरा वर्षं त्या आश्रमात होती. माझं तिथं जाणं-येणं व्हायचं. ती दरवेळी दारात येऊन उभी राहायची, मी दरवेळी कशी आहेस विचारायचो, ती बरी हाय म्हणायची. ती गेल्याचं मला सकाळी कळवलं होतं, मी साताऱ्यातच होतो, दोन तासांच्या अंतरावर. मी गेलो नाही.